तिकीटखिडकी

१

मिस्त्री हे त्याचं नाव नव्हे आणि धंदाही नव्हे. नकाशे काढणाऱ्या एका कचेरीत तो रेघा ओढायचा, आणि त्या इतक्या सरळ की साहेबसुद्धा त्यांना पट्टी लावून बघायचं विसरून गेले होते. पण आपलं स्वयंपाकघर आपल्याच हाताने नवं करायचं खूळ त्याच्या डोक्यात शिरलं. त्याने रजा टाकली, लोक टाइल कशा बसवतात ते मोबाइलवर बघत ताटातलं जेवण थंड केलं, आणि शेवटी एके दिवशी गुडघ्यांना पट्टे बांधून, हातात थापी घेऊन उभा राहिला. तेव्हा बायको म्हणाली, “या मिस्त्री.” ते नाव चिकटलं. त्याने बसवलेल्या टाइलपेक्षा पक्कं चिकटलं, असं पुढे तिलाच म्हणायची वेळ आली.

कपाटांना रंग देऊन झाला होता, ओट्याचा दगड घासून लख्ख केला होता. राहिली होती ओट्यामागची भिंत. तेल, वाफ आणि धूर पिऊन ती पिवळी पडली होती, आणि तिच्या मधोमध एक खिडकी होती. ही खिडकी घराबाहेर उघडत नव्हती, पलीकडच्या खोलीत उघडत होती. तिथे पूर्वी जेवायचं टेबल असायचं, आणि ताटं वाट्या वळसा घालून न्यायला नकोत म्हणून वडिलांनी ती करून घेतली होती. दोन सरकती लाकडी दारं आणि स्वयंपाकघराच्या बाजूने एक पितळी खिट्टी, एवढाच तिचा थाट. लहानपणी तो आणि त्याची बहीण तिथे बसून कागदाची तिकिटं विकायचे, म्हणून ती तिकीटखिडकी.

वडील गेले, टेबलही गेलं. मग आई पडली, तिचं हाड नीट जुळलं नाही, आणि तिची खाट त्या खोलीत खिडकीला लागून आली. ती उठून बसली की खिडकीची चौकट तिच्या खांद्याशी यायची.

दुपारचा चहा झाला की आई कपाचं बूड रुमालाने पुसायची, ओट्यावर गोल डाग पडू नये म्हणून. मग कप चौकटीच्या डाव्या कोपऱ्यात ठेवायची आणि त्याचा कान स्वयंपाकघराकडे वळवायची, म्हणजे उचलणाऱ्याला सोपं जावं. मग लाकडावर बोटाने वाजवायची, टक टक. कधी कप नसला तरी वाजवायची. काय गं, असं विचारलं तर म्हणायची, काही नाही रे, आहेस का बघितलं.

मिस्त्रीची कचेरी सकाळची. दुपारी घरात तो आणि आई दोघंच असायचे, कारण बायको चष्म्याच्या दुकानात कामाला होती आणि तिला यायला संध्याकाळ व्हायची. सुरुवातीला आईने वाजवलं की तो उठून जायचा. मग जागेवरूनच ‘आहे, आहे’ म्हणायला लागला. मग तेही म्हणेनासा झाला. आणि एका दुपारी स्टुलावर पेपर वाचत बसला असताना त्याने मान वर न करता हात मागे नेला आणि खिट्टी सरकवली. आवाज होऊ नये म्हणून हळूच सरकवली.

पुढे ते रोजचंच झालं. बायको यायच्या आत तो खिट्टी परत काढून ठेवायचा. आईने त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. तिला कळलंच नसेल, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती. पण दार बंद असलं की माणसाला ते कळतंच, आणि हे त्यालाही ठाऊक होतं.

२

तोडफोडीच्या धुळीने आईला खोकला लागला असता, म्हणून काम होईपर्यंत तिने मिस्त्रीच्या बहिणीकडे राहायचं ठरलं. बहिणीच्या गाडीत बसताना तिने वॉकर आधी आत देऊ दिला, मग स्वतः बसली, मग काच खाली करून त्याला जवळ बोलावलं.

“खिडकी तेवढी ठेव रे,” ती म्हणाली. “बाकी काय हवं ते कर.”

तो हो हो म्हणाला. परत नेशील कधी, तिने विचारलं. टाइल लागल्या की लगेच, तो म्हणाला. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तेव्हा त्याला जे वाटलं त्याला हलकं वाटणं म्हणतात. आपल्याला असं वाटायला नको, हेही लगेच वाटलं. पण ते नंतर वाटलं, आधी नाही.

बायकोला त्याने सांगितलं की खिडकीतून वारा लागतो, बुजवून टाक, असं आईच म्हणाली. बायकोच्या कपाळावर आठी पडली. तिने दोनदा विचारलं, नक्की ना? मग आई त्याची, तोच जाणे, म्हणून तिने विषय सोडला. या घरात सुनेपेक्षा मुलगाच सासूला कंटाळला होता, पण असं मोठ्याने कोण म्हणणार.

त्याने खिट्टी लावली. चौकटीच्या मापाचा प्लायवूडचा तुकडा कापून स्क्रूने बसवला. लाकडावर टाइल लावू नका, लाकूड ओल धरतं, फुगतं, हलतं, असं मोबाइलवरचा माणूस कळकळीने सांगत होता. पण मिस्त्रीने काढलेल्या नकाशात ती भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसंध पांढरी होती आणि फार सुंदर दिसत होती.

बाकी काम मात्र त्याने मन लावून केलं, हे कबूल करायला हवं. जुन्या भिंतीला छिन्नीने टोचे पाडले, म्हणजे नवा माल धरून राहील. धूळ झाडली, भिंत भिजवली, पाणसळ लावून पेन्सिलीने रेघ मारली. टाइल चिकटवायची पांढरी पूड बादलीत घट्ट कालवली, दातेरी थापीने तो माल भिंतीवर ओढला, आणि एकेक टाइल दाबून, जराशी घोळवून बसवत गेला. दोन टाइलांच्या मध्ये प्लास्टिकचे बारके क्रॉस, फट सारखी राहायला. थापीच्या मुठीने हलकेच ठोकलं की टाइल जागेवर बसल्याचा एक भरीव आवाज येतो. तो आवाज त्याला इतका आवडला की तो गुणगुणायला लागला. असं सुख त्याला कित्येक दिवसांत झालं नव्हतं.

सगळी भिंत लागली. दुसऱ्या दिवशी दुपारी तो फटीत भरायचं ग्राउट आणायला बाजारात गेला आणि आला. ओट्यावर एक टाइल पडलेली होती.

नीट बघितलं तर पडलेली नव्हती, ठेवलेली होती. जिथे प्लायवूड होतं तिथलीच ती टाइल, खाली येऊन ना फुटलेली ना टवका उडालेली, चकचकीत बाजू वर करून, बरोब्बर आईच्या कपाच्या कोपऱ्याखाली. लाकूड हललं, दुसरं काय. स्वतःवरच चरफडत त्याने ती उचलली आणि उलटी केली. टाइलच्या मागे मालाच्या पांढऱ्या रेघा हव्या होत्या, निदान चिकटा तरी हवा होता. मागची बाजू कोरडी आणि स्वच्छ होती. कुणीतरी ओट्यावर डाग पडू नये म्हणून पुसली होती.

३

त्याने ती परत लावली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती परत ओट्यावर होती, त्याच कोपऱ्यात. त्याने माल जरा घट्ट केला. प्लायवूडला पटाशीने ओरखडे काढले. चिकटपट्टी लावली, वर फळीचा टेकू दिला. बाहेरून येऊन बघतो तर फळी बाजूला ठेवलेली, टेकवून, कुणाच्या पायात येणार नाही अशी. टाइल कोपऱ्यात. पुसलेली.

बायकोला त्याने विचारून बघितलं, चेष्टेच्या सुरात, की तू दुपारी मधेच येऊन माझ्या कामाची परीक्षा घेतेस का? ती म्हणाली, मला तेवढाच उद्योग उरलाय? मग हसून म्हणाली, मिस्त्री, एक टाइल राहत नाही म्हणून आईंना किती दिवस तिकडे ठेवायचं? येऊ दे त्यांना, भिंतीचं काय, होईल सावकाश. तो म्हणाला, अर्धवट कामात कुठे आणायचं. तिने फार ताणलं नाही. ताणायला हवं होतं, असं ती आता म्हणते. पण दोष तिचा नव्हता.

रोज संध्याकाळी बहिणीचा फोन यायचा. आई बरी आहे, जेवते, झोपते. एकच आहे, बहीण म्हणाली, चहा झाला की ती कप घेऊन भिंतीकडे तोंड करून बसते. तिच्या खाटेशेजारी नुसती भिंत आहे. तिथे कप टेकवते आणि ढकलत राहते. इथे खिडकी नाही हे तिला कळतं, दादा, वेड लागलेलं नाही तिला. पण हात जातो.

सवय, तो म्हणाला.

सवयच, बहीण म्हणाली. पण तिच्या नखांत पांढरं काहीतरी अडकलेलं असतं. भिंतीचा रंग म्हणावा तर आमची भिंत निळी आहे. रोज धुऊन देते, दुसऱ्या दिवशी परत असतं.

मिस्त्रीने आपल्या हाताकडे बघितलं. त्याच्या नखांत पांढरा माल वाळून बसला होता. तो कितीही घासला तरी पहिल्या धुण्यात जायचा नाही. मनात जे आलं ते त्याने तिथल्या तिथे झटकून टाकलं. तो रेघा ओढणारा माणूस होता. दोन घरांमध्ये सगळं गाव पसरलेलं होतं. लाकूड फुगतं, टाइल सुटते. म्हातारं माणूस कशात तरी बोटं घालतं. एवढी साधी गोष्ट. पण मागची बाजू पुसलेली का, याचं उत्तर त्या साध्या गोष्टीत बसत नव्हतं, म्हणून त्याने तो प्रश्नच बाजूला ठेवला.

मग बहीण म्हणाली, थांब, आईला बोलायचंय.

आईचा श्वास आधी आला, मग आवाज. दमल्यासारखा, पण तक्रारीचा नाही.

“झालं का रे?”

“होतंय गं. थोडं राहिलंय.”

“हं.” ती म्हणाली. “जड लावलंयस रे काहीतरी.”

 तेवढ्यात बहिणीने फोन घेतला आणि म्हणाली, हल्ली मधूनमधून असं काहीतरी बोलते, मनावर घेऊ नकोस. तो बरं म्हणाला. त्या क्षणी त्याने गाडी काढायला हवी होती. अजूनही त्याला तोच क्षण आठवतो, हातातला फोन गरम झालेला, ओट्यावर ती एक टाइल, आणि खुंटीला गाडीची किल्ली. किल्लीकडे त्याचं लक्षही गेलं होतं.

४

दुसऱ्या दिवशी तो कुठेच गेला नाही. जेवण झाल्यावर स्वयंपाकघरात स्टूल घेतलं आणि भिंतीकडे तोंड करून बसला. टाइल सकाळीच बसवली होती आणि माल चांगला आवळला होता. फ्रिज घुरघुरत होता. खाली कुणीतरी गाडी धूत होतं, बादलीचा आवाज येत होता. उन्हाचा एक पट्टा ओट्यावरून सरकत नळापर्यंत आला. आईची चहाची वेळ झाली आणि त्याला आपोआप ती जाणवली, जशी पोटाला भूक जाणवते.

टाइलच्या खालच्या कोपऱ्यातला क्रॉस ओट्यावर पडला. टिक. मग दुसरा.

मग टाइल पुढे आली. घसरली नाही की वाकडी झाली नाही. चारी कडांनी सारखी, केसभर, मग बोटभर. मागे बसून कुणीतरी बोटांच्या टोकांनी, घाई न करता, धक्का लागू नये अशा बेताने ढकलत असावं तशी. मालाचे धागे ताणले गेले आणि तुटले. मिस्त्री कधी उठला हे त्याला कळलं नाही, पण टाइल सुटली तेव्हा ती त्याच्याच हातात आली. ती कोमट होती, नुकत्याच रिकाम्या केलेल्या कपासारखी.

आणि लाकडावर वाजलं. टक टक.

त्याचं धाबं दणाणलं. तरी त्याने पळ काढला नाही. भीतीपेक्षा मोठं एकच त्याच्या डोक्यात होतं, की आई आत आहे. आई आतच आहे आणि आपण तिला कोंडून ठेवलंय. बहिणीचा फोन, गाव, रस्ता, सगळं विसरून त्याने पटाशी घेतली आणि आजूबाजूच्या टाइला उचकटल्या, स्क्रू काढले, प्लायवूड ओढून खाली टाकलं. खिट्टी काढली. दारं फाकवली आणि वाकून आत बघितलं.

पलीकडे आईची खोली दिसायला हवी होती. गुंडाळलेली गादी, खोकी, बंद पंखा. ते काहीच नव्हतं.

पलीकडे स्वयंपाकघर होतं. त्याचंच. पण जुनं, रंग दिला नव्हता तेव्हाचं, आणि जरा खालून दिसत होतं, खाटेवर बसून दिसतं तेवढंच. टेबलफॅन, भिंतीवरचं जुनं घड्याळ, कपाटाचं अर्धं दार. आणि अगदी समोर, हात लांबवला तर लागेल इतक्या जवळ, एका माणसाची पाठ. स्टुलावर बसलेला, बनियनमधला माणूस, पेपर वाचणारा. त्याच्या डोक्याच्या मागे रुपयाएवढं टक्कल होतं. मिस्त्रीला ते ओळखीचं होतं. न्हावी मागे आरसा धरतो तेव्हाच ते त्याला दिसायचं.

त्याने हाक मारली. काय म्हणून मारली ते त्याला आठवत नाही. आवाज निघाला तो बारीक, म्हाताऱ्या माणसासारखा. समोरची पाठ वळली नाही. पण पेपरचं उलटायला घेतलेलं पान मधेच थांबलं, एवढंसं, आणि मग सावकाश उलटलं गेलं. म्हणजे ऐकू गेलं होतं. ऐकू आल्याचं लपवताना माणूस असाच थांबतो, हे मिस्त्रीइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार.

मग त्या माणसाचा हात मागे यायला लागला.

मिस्त्रीने नजर फिरवली. त्याला ते बघायचं नव्हतं. त्याने तोंड दुसरीकडे केलं आणि दारं ओढून घेतली, आणि त्याच्या हाताने, त्याला न विचारता, खिट्टी सरकवली. आवाज होऊ नये म्हणून हळूच.

५

त्यानंतर त्याने जे केलं त्याला अक्कल म्हणता येणार नाही. शहाण्या माणसाने किल्ली घेतली असती आणि आईला आणलं असतं. त्याने इमारतीच्या मागे कुणीतरी टाकून दिलेल्या विटा गोळा केल्या, सिमेंट कालवलं, आणि संध्याकाळ व्हायच्या आत खिडकी बुजवून टाकली. खिडकीची दारं पलीकडच्या कडेला होती आणि अलीकडे विटेपुरती जागा होती, त्यामुळे दारं तशीच राहिली आणि खिट्टी विटांच्या आड गेली. वर गिलावा केला, टोचे पाडले, सुकू दिलं. बायको घरी आली तेव्हा तिला एवढंच म्हणाला की प्लायवूड कुचकामी निघालं, आता काम कसं पक्कं झालं. ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, तुम्हाला बरं नाही का?

सिमेंट वाळल्यावर टाइला लावल्या. पहिली दुपार गेली, दुसरी गेली. एकही सुटली नाही. मिस्त्रीचा जीव भांड्यात पडला. बघा, लाकूडच हलत होतं, तो स्वतःला म्हणाला. जे बघितलं त्याचं काय, हे मात्र तो स्वतःला म्हणाला नाही. कामाचा शीण, अपुरी झोप, काचेसारख्या टाइला, उन्हाचा पट्टा. त्याने अशी कारणं गोळा केली आणि त्यांची एक रास रचली.

बायको म्हणाली, रविवारी आईंना घेऊन येऊ या. तो म्हणाला, ग्राउट भरू दे. ग्राउट भरलं. मग म्हणाला, सुकू दे, वास आहे अजून. ग्राउटला कसला वास, ती म्हणाली. खरं कारण त्याच्या ओठावर येत नव्हतं. आई त्या खोलीत येणार, खाटेवर बसणार, आणि बुजलेल्या खिडकीकडे बघून मग त्याच्याकडे बघणार. ते बघणं त्याला आणखी चार दिवस लांबवायचं होतं.

ओल्या स्पंजाने टाइला पुसल्यावर भिंत अशी दिसत होती की शेजारचे लोक बघायला आले आणि कारागीर कोण म्हणून विचारू लागले. बायकोने बोट दाखवलं आणि सगळे हसले. तोही हसला.

टाइल नीट बसली का हे बघायची एक रीत असते. माल वाळला की बोटाच्या पेराने एकेकीवर वाजवत जायचं. आत पोकळी असेल तर आवाज वेगळा येतो, लगेच कळतं. एका दुपारी जेवण झाल्यावर तो ते करायला बसला. वरच्या ओळीपासून सुरुवात केली. टक टक, भरीव. टक टक, भरीव. खिडकी होती तिथे आल्यावर त्याचा हात जरा अडखळला. मग त्याने वाजवलं. तिथेही भरीव. तिथे तर सगळ्यात जास्त भरीव, दगडासारखं.

सगळी भिंत वाजवून झाली. एकही टाइल पोकळ निघाली नाही. पहिल्याच कामाला असं कुणाला जमतं, या आनंदात तो मागे सरला आणि हात पुसता पुसता त्याच्या ध्यानात आलं की चहाची वेळ होऊन गेली. उन्हाचा पट्टा नळाच्याही पुढे गेला होता. एवढा वेळ तो भिंतीशी कान लावून बसला होता आणि पलीकडून काही म्हणजे काहीच आलं नव्हतं. ढकलल्याचं नाही की खरवडल्याचं नाही. भिंत नुसती भिंत होती.

 त्याने परत वाजवलं, जरा जोरात. मग फोन वाजला, आणि नाव बहिणीचं होतं, आणि तिने या वेळेला कधी फोन केला नव्हता.

६

झोपेतच गेली, बहीण म्हणाली. त्रास झाला नाही.

नंतर, सगळं आटोपून माणसं पांगली तेव्हा, बहीण आईची पिशवी घेऊन घरी आली. कपडे, चष्मा, गोळ्यांची डबी, आणि रुमालात गुंडाळलेला कप. ती स्वयंपाकघरात आली, नव्या भिंतीकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, छान झालंय. मग म्हणाली, तिकीटखिडकी कुठे गेली?

मिस्त्री टाइलवरचा एक डाग पुसू लागला. त्याची बायको म्हणाली, आईंनीच बुजवायला सांगितली होती ना. बहीण म्हणाली, छे. आई तर सारखी त्या खिडकीचंच बोलायची.

बायकोने नवऱ्याकडे बघितलं. ती काही विचारेल म्हणून तो वाट बघत होता. विचारलं असतं तर बरं झालं असतं. तिने ओट्यावरचं एक भांडं उचललं, धुतलेलंच होतं, ते परत धुवायला घेतलं.

बहीण सांगत होती. शेवटच्या दिवसांत आईने भिंतीशी बसणं सोडून दिलं होतं. कप हातात घ्यायची आणि तसाच मांडीवर ठेवायची. मला वाटलं, विसरली, बरं झालं. विचारलं तर म्हणाली...

“काय म्हणाली?” मिस्त्रीने विचारलं.

“म्हणाली, झालं वाटतं त्याचं काम. आता हलतच नाही.”

७

परवाच्या दुपारी तो आईच्या खोलीत गेला. बायको कामावर होती. घराची दुसरी किल्ली तिच्याजवळच होती, घरात दुसरं कुणी नव्हतं. खोलीत खोकी होती, ती त्याने बाहेर काढली. गादी उलगडली. भिंतीत त्या बाजूने तिकीटखिडकीची लाकडी दारं अजून तशीच होती. त्यांच्या पलीकडे विटा, विटांवर सिमेंट, त्यावर टाइला. एकही पोकळ नाही.

दारांच्या मधल्या फटीपाशी, माणूस बसून हात लावेल त्या उंचीवर, लाकूड झिजून गुळगुळीत झालं होतं. बरीच वर्षं लागतात लाकूड असं झिजायला. आई इथे इतकी वर्षं नव्हती.

तो खाटेवर बसला. इथून काय दिसतं हे त्याने कधी बघितलं नव्हतं. खोलीची दुसरी भिंत, दाराचा कोपरा, आणि ही दोन दारं. बाकी काहीच दिसत नव्हतं. एवढंच तर तिने मागितलं होतं. तो रडला, आणि रडून झाल्यावरही तिथेच बसला.

मग त्याने आईचा कप घेतला, रुमालाने त्याचं बूड पुसलं आणि चौकटीच्या अरुंद कडेवर, डाव्या कोपऱ्यात ठेवला.  त्याने बोट वाकवलं आणि लाकडावर वाजवलं.

टक टक.

पलीकडे पेपर वाजला. वाचता वाचता पान उलटतात तसा. आवाज इतका जवळ होता की मधे वीट नव्हती, सिमेंट नव्हतं, फक्त हे लाकूड होतं. मग तो पेपर थांबला.

“मी आहे,” मिस्त्री म्हणाला. “अरे, मी आहे. एवढंच बघायचं होतं.”

स्टूल करकरलं. कुणीतरी उठत होतं, किंवा नुसतंच मागे वळत होतं, निदान त्याला तसं वाटलं. तो पुढे सरकला. दोन्ही तळहात त्याने दारांवर टेकवले, बरोबर त्या झिजलेल्या जागेवर, आणि वाट बघत राहिला.

पलीकडून पितळ सरकल्याचा आवाज आला, आवाज होऊ नये म्हणून हळूच सरकवल्यासारखा.

बराच वेळ तो तसाच राहिला. मग त्याने हात खाली घेतले, कप जरासा फिरवून त्याचा कान स्वयंपाकघराकडे केला, आणि बसून राहिला.